पाच मनोऱ्यांच्या गावाला

मुलांनो, नकाशात डेन्मार्क शोधा. तिथं समुद्रकाठी कालुंडबोर्ग नावाचं छोटं गाव आहे. पाच मनोऱ्यांचं जुनं चर्च आणि नोव्हो नॉर्डिस्कचा भलामोठा कारखाना! तिथल्या टाक्यांत यीस्ट वाढतं. हो, पाव फुगवणारं तेच! शास्त्रज्ञांनी त्याच्या पेशीत इन्सुलिनची कृती घातलीय, म्हणून ते मधुमेहींसाठी इन्सुलिन बनवतं.

इन्सुलिन म्हणजे दोन सरांची, ५१ मण्यांची माळ. या कंपनीनं त्यातला एकच मणी बदलला. मग माळा एकमेकींना चिकटून बसेनात, औषध चटकन रक्तात उतरू लागलं. १९९९ मध्ये युरोपात ते मंजूर झालं.

माझ्या वर्गातली एक मुलगी आधी सुई टोचून अर्धा तास डब्याकडे बघत बसायची. डॉक्टरांनी हे नवं इन्सुलिन दिल्यापासून सगळ्यांबरोबरच डबा उघडते.