दिवेलागणीचा शब्द

दिवेलागणीची वेळ झालेली असते. अंगणात खेळणारी मुले अजून घरात यायला तयार नसतात. उजेड सरत आला तरी त्यांच्या डोळ्यांना तो पुरतो. पण त्यांच्यातले तीन-साडेतीन वर्षांचे एक मूल खेळातून आपोआप बाहेर पडते. ते उंबऱ्यापाशी येऊन बसून राहते. हाक मारली की आवाजाच्या रोखाने हात पुढे करून चालते, वाटेतल्या तांब्याला अडखळते, ताटलीतली भाकरी चाचपडून शोधते. सकाळ झाली की तेच मूल पुन्हा इतरांबरोबर धावू लागते. दिवसा एखाद्या वैद्याने त्याचे डोळे तपासले, तर पुष्कळदा त्यांत काहीच वावगे आढळणार नाही. या व्याधीचे पहिले लक्षण संध्याकाळीच उमटते, आणि संध्याकाळी त्या मुलाजवळ असते ती त्याची आई.

म्हणूनच या व्याधीचे नाव घरोघरी घडलेले आहे. मराठीत मूल ‘रातांधळे’ होते. हिंदीत ‘रतौंधी’, नेपाळीत ‘रतन्धो’, बंगालीत ‘रातकाना’ आणि कन्नडात ‘इरुळुगुरुडु’ हे शब्द रात्र आणि आंधळेपण यांनाच जोडतात. तेलुगूतील ‘रेचीकटी’ म्हणजे रात्रीचा अंधार. जणू तो अंधार मुलाच्या डोळ्यांतच उतरला आहे. तमिळमध्ये ‘मालैक्कण्’ म्हणजे संध्याकाळचा डोळा. त्यात आंधळेपणाचा उच्चारही नाही. असमियात ‘कुकुरीकणा’ म्हणतात, कारण कोंबडीला तिन्हीसांजेनंतर दिसत नाही. दूर इंडोनेशियातल्या ‘बूता आयाम’ या शब्दाचा अर्थही कोंबडीचे आंधळेपण असाच आहे, आणि रशियन भाषेतही हीच उपमा आहे. या भाषांनी हा शब्द एकमेकींकडून उसना घेतला असण्याचे कारण दिसत नाही. जिथे अंगण होते, खुराडे होते आणि अपुरे अन्न होते, तिथे ही उपमा आपोआप सुचली असावी.

ग्रंथांनाही ही व्याधी अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘नक्तान्ध्य’ येते आणि त्यावर शेळीचे यकृत सांगितलेले आहे. प्राचीन इजिप्त आणि ग्रीस येथील वैद्यकानेही डोळ्यांसाठी यकृताचाच आधार घेतला होता. त्यामागचे कारण कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. दृष्टिपटलातील काही पेशी केवळ अंधुक प्रकाशासाठी असतात. त्यांच्यातील जांभळट-लाल द्रव्य प्रकाशाने विरते आणि पुन्हा घडते. या घडणीला अ जीवनसत्त्व लागते. १९३३ साली जॉर्ज वॉल्ड यांना ते दृष्टिपटलात सापडले; दृष्टीविषयीच्या संशोधनासाठी १९६७ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. हे जीवनसत्त्व शरीर यकृतात साठवते. तो साठा संपू लागला की संध्याकाळ आधी जाते. मग डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर फेसासारखे ठिपके दिसतात. अशा वेळी गोवर किंवा अतिसार झाला, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा काही दिवसांतच मऊ होऊन नासू शकतो. ती दृष्टी मग परत येत नाही. रातांधळेपणा मात्र वेळेवर औषध मिळाले तर थोड्याच दिवसांत ओसरतो. आईच्या लक्षात येणारी संध्याकाळ आणि कायमचा अंधार यांच्यामध्ये जो अवधी असतो, त्यातच सारे काही घडायचे असते.

या अवधीचे मोल आल्फ्रेड सॉमर आणि त्यांच्या इंडोनेशियन सहकाऱ्यांनी ओळखले. तेथील मुलांच्या पाहणीत त्यांनी आयांना त्यांच्याच शब्दात विचारले. १९८० साली त्यांनी दाखवून दिले की, या प्रश्नाला आईने दिलेले उत्तर हे रोग हुडकण्याचे विश्वासार्ह साधन आहे. त्याच पाहणीतून १९८३ साली आणखी एक गोष्ट पुढे आली: ज्यांच्या डोळ्यांत या अभावाची सौम्य लक्षणे होती, ती मुले इतरांपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात मरण पावत होती. १९८६ साली आचे प्रांतातील प्रयोगात हे जीवनसत्त्व दिलेल्या गावांत बालमृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या तामिळनाडूतील प्रयोगात ही घट निम्म्याहून अधिक होती. म्हणजे आई ज्याला डोळ्याचा दोष म्हणत होती, ती मुलाच्या जिवावरच्या संकटाची पहिली सूचना होती.

येथे भाषेचे काम सुरू होते. पाहणीसाठी आलेल्या माणसाने प्रमाण भाषेतला प्रश्न वाचून दाखवला, ‘बालकास निशांधता आहे काय?’ असे विचारले, तर आई ‘नाही’ म्हणेल आणि तक्त्यात तेच उतरेल. त्या उत्तरात खोटे काही नसेल. ‘निशांधता’ तिच्या घरात कधी आलेलीच नाही. ‘दिवे लागल्यावर मूल चाचपडते का?’ असे विचारले, तर ती सारे सांगेल. पारिभाषिक शब्द घडवणाऱ्या विद्वानांनी शुद्धता पाहिली, एकरूपता पाहिली. या एका ठिकाणी त्यांच्या शब्दाने मूल दिसेनासे होते आणि अशिक्षित मानलेल्या बाईच्या शब्दाने ते दिसते. तिची स्वतःची गोष्ट तर आणखी अवघड असते. गरोदरपणी तिलाच संध्याकाळी दिसेनासे होते, तेव्हा ‘या दिवसांत असे व्हायचेच’ म्हणून ते सोडून दिले जाते.

भारतात १९७० पासून लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याची योजना सुरू आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधन तिच्या पाठीशी होते. त्या संस्थेचे नेतृत्व केलेले सी. गोपालन पुढे आग्रहाने सांगत राहिले की, या प्रश्नाचे खरे उत्तर अन्नात आहे. ते अन्न दुर्मीळ नाही. शेवग्याचा पाला, माठ, राजगिरा, पिकलेला आंबा, पपई हे सारे परिचयाचे आहे. मात्र भाजीत चमचाभर तेल हवे, नाही तर तिच्यातले सत्त्व अंगी लागत नाही. बाळंतिणीचा पहिला चीक या जीवनसत्त्वाने समृद्ध असतो, आणि तोच टाकून देण्याची रीत कित्येक घरांत होती.

बुबुळे नासण्याचे प्रकार आता क्वचित दिसतात, ही समाधानाची गोष्ट आहे. शब्दही मागे पडतो आहे. पुष्कळांना तो रातांधळ्या जावयाच्या विनोदी गोष्टीपुरताच ठाऊक असतो. घराघरांत विजेचा दिवा आला आणि तिन्हीसांज अंगणातून नाहीशी झाली. लख्ख उजेडात मूल अडखळत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. अभाव मात्र सर्वत्र सरलेला नाही. दिवा लावण्याआधी क्षणभर थांबून मुलाच्या चालीकडे पाहणारी आई अजून हवी आहे, आणि तिला जे दिसले ते सांगण्यासाठी तिचा शब्दही.