उचलणे आणि अटक करणे

पोलीस कोठडीतील छळ रोखू पाहणाऱ्या एका संस्थेत आम्ही संशोधनाचे काम करतो. ऐकणाऱ्याला वाटते, आमचा दिवस जखमा मोजण्यात जात असेल. वास्तविक तो जातो तास मोजण्यात. वस्तीतली माणसे ‘पोरगा उचलला’ म्हणतात. कागदावर ‘अटक केली’ असे असते. या दोन क्रियापदांमधले तास आम्ही शोधतो, कारण मार बहुधा तिथेच बसतो. दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करण्यासाठी राज्यघटनेने घातलेली २४ तासांची मर्यादा व्यवहारात कागदावरच्या अटकेपासूनच मोजली जाते.

डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अटकेच्या पंचनाम्यावर वेळ, तारीख आणि साक्षीदाराची सही आवश्यक ठरवली. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणीही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली, अनुसमर्थन मात्र अद्याप केलेले नाही. लोकसभेने २०१० साली संमत केलेल्या विधेयकाचाही कायदा झाला नाही.

तेव्हा आम्ही आईलाच विचारतो : त्याला नेले तेव्हा नळाला पाणी आले होते का? तिला तारीख सांगता येत नाही, पाणी आठवते. त्या पाण्याची वेळ नोंदवहीतल्या वेळेशेजारी मांडली, की मधले तास उघडे पडतात. गेलेल्याला त्यांचा उपयोग नाही. पुढच्याला उचलताना कुणी घड्याळाकडे पाहावे, एवढ्यासाठी आम्ही ते लिहून ठेवतो.