चाड्यावरची मूठ

वारकरी परंपरेतील श्रद्धेचा विचार बहुधा कीर्तन आणि नामस्मरण यांच्या अंगाने मांडला जातो. परंतु ही परंपरा पिढ्यान् पिढ्या चालवणाऱ्यांत मोठा वर्ग कोरडवाहू शेतकऱ्यांचा, म्हणजे विहीर वा कालव्यावाचून केवळ पावसावर जमीन कसणाऱ्यांचा असल्याने, त्या श्रद्धेची घडण पेरणीच्या कामात शोधणे अधिक उचित ठरते.

तिफणीच्या, म्हणजे पेरणीच्या औताच्या, तीन नळ्यांवर चाडे नावाचे लाकडी, वाटीसारखे पात्र बसवलेले असते आणि मागून चालणारी व्यक्ती, पुष्कळ घरांत ती स्त्री असते, मुठीतले बियाणे बोटांतून त्यात सोडीत जाते. मूठ सैल पडली की बी दाट पडते, आवळली की तास विरळ निघतो. आणि बी नळीतून उतरताच मातीआड होत असल्यामुळे हात कसा चालला हे कोंब वर आल्याखेरीज कळत नाही. मात्र हे काम डोळे मिटून केले जात नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासली जाते, पेरणीसाठी 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊ द्यावा हा कृषी विभागाचा सल्ला जाणता शेतकरी सहसा मोडत नाही, आणि तरीही तो वाफशाची वाट पाहतो. वाफसा म्हणजे मातीच्या कणांमधील पोकळ्यांत ओल आणि हवा दोन्ही असण्याची अवस्था. मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा व्हावा आणि खाली टाकताच तो फुटावा, ही तिची खूण. एवढी सगळी खातरजमा झाल्यावरही पुढचा पाऊस कोणाच्या हाती नसतो, आणि विश्वासाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेथेच सुरू होतो; या खातरजमेवाचून ठेवलेला विश्वास ही नुसती बेफिकिरी.

पावसाची नक्षत्रे सूर्यावरून मोजली जात असल्याने मृग दरवर्षी जूनच्या 7-8 तारखेला लागतो, तर आषाढी एकादशी चांद्र तिथीनुसार मागेपुढे सरकते. त्यामुळे काही वर्षी पेरणी उरकून वारीला निघता येते आणि काही वर्षी रान तसेच टाकून. 2023 साली एकादशी 29 जूनला आली, पालख्यांचे प्रस्थान 10 आणि 11 जूनला झाले, आणि मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला तो 25 जूनला. त्या वाटचालीतील अनेकांची शेते मागे कोरडी पडलेली होती. चालल्याने पाऊस पडेल असा हिशेब त्यांच्या वारीमागे असावा, असे मानणे वरवरचे होईल. पंढरपूरहून फार दूर नसलेल्या अरण गावच्या सावता माळ्याने तर मळ्यातील कामालाच भक्ती मानले; त्याच्या लेखी निंदणी-खुरपणी हा पूजेचा खोळंबा नव्हता.

श्रद्धेच्या या विचाराचा विपर्यासही होतो. पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागते, आणि अशा वेळी शेतकऱ्याची श्रद्धाच कमी पडली असे सुनावणारे लोक भेटतात. त्यांनी संतचरित्रे नीट वाचलेली नसावीत. 1630च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पत्नी आणि मुलगा गेले, दुकानाचे दिवाळे निघाले. आणि पुढे आपल्या वाट्याची कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, अशी आठवण परंपरेने जपली आहे.