निपाणीहून शेरॉनच्या मैदानाकडे

पॅलेस्टाइनमधील झायोनवादी, म्हणजे ज्यूंचे स्वतंत्र राज्य मागणारे, आणि अरब यांच्या संघर्षाशी निपाणी-बेळगाव पट्ट्याचा संबंध एका पलटणीमुळे जोडला गेला, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. निपाणीतून पुणे-बेंगळूर महामार्गाने दक्षिणेकडे निघाले की तंबाखूची शिवारे मागे पडतात आणि संकेश्वर, हत्तरगी, काकती करीत सुमारे पाऊणशे किलोमीटरवर बेळगाव लागते. तेथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. १९२२ च्या फेररचनेत ११४ व्या मराठा पलटणीची प्रशिक्षण बटालियन झाली आणि ती बेळगावात राहिली, तेव्हापासून हे शहर आणि ही रेजिमेंट यांचे नाते आहे. रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत ‘शेरॉन’, ‘मेगिद्दो’ आणि ‘पॅलेस्टाइन १९१८’ ही नावे आहेत. ती मिळवली १०५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीने. जवानांच्या तोंडी तिचे नाव ‘काली पाँचवी’.

शेरॉन म्हणजे तेल अवीवच्या उत्तरेस, भूमध्य समुद्र आणि डोंगर यांच्यामधली सुपीक सपाटी. तिच्याकडे याफाहून जावे, म्हणजे इतिहासाचा क्रमही हाती लागतो. याफा हे जुने अरब बंदर. युरोपातून, मुख्यतः रशियन साम्राज्यातल्या ज्यूविरोधी दंगलींतून पळालेले लोक १८८२ पासून येथेच उतरू लागले. तेव्हा ही भूमी तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यात होती. बहुसंख्य वस्ती अरबी बोलणाऱ्या मुसलमान व ख्रिस्ती लोकांची होती, आणि जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद, तिबेरियास येथे ज्यूंची जुनी वस्ती होती. १८९६ मध्ये थिओडोर हर्झल या व्हिएन्नाच्या पत्रकाराने ज्यूंच्या स्वतंत्र राज्याची कल्पना पुस्तकरूपाने मांडली आणि पुढच्याच वर्षी बाझेलला पहिली झायोनवादी परिषद भरली. १९०९ साली याफाबाहेरच्या वाळूच्या टेकड्यांवर तेल अवीवची पायाभरणी झाली. १९११ मध्ये याफातच ‘फलस्तीन’ हे अरबी वृत्तपत्र निघाले आणि झायोनवादाला विरोध हा त्याचा मुख्य विषय बनला. दोन्ही राष्ट्रवाद असे एकाच गावाच्या वेशीवर वाढले. हे वैर हजारो वर्षांचे आहे असे सर्रास म्हटले जाते. ते चूक आहे.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी या एकाच भूमीबाबत अनेकांना शब्द दिले. १९१५-१६ च्या पत्रव्यवहारात मक्केच्या शरीफ हुसेन यांना अरब स्वातंत्र्याची आशा दाखवली. मे १९१६ च्या साइक्स-पिको करारात फ्रान्सबरोबर वाटणी ठरवली. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यू लोकांच्या ‘राष्ट्रीय घरा’ला पाठिंबा दिला. त्या जाहीरनाम्यात अरबांचा उल्लेख ‘ज्यूंखेरीज इतर समाज’ असा होता. त्यांचे नागरी व धार्मिक हक्क राखू असे म्हटले, राजकीय हक्कांबद्दल मात्र अक्षर नव्हते. पुढच्या सगळ्या भांडणाचे मूळ या गाळलेल्या शब्दात शोधता येते.

या शब्दांची अंमलबजावणी ज्या सैन्याच्या जोरावर झाली, त्यात मराठा जवान होते. मेसोपोटेमियात लढून लाहोर डिव्हिजन १९१८ च्या वसंतात पॅलेस्टाइनला आली आणि तिच्यासोबत १०५ वी पलटण आली. शेरॉनच्या सपाटीवर १९ सप्टेंबर १९१८ च्या पहाटे तोफांचा भडिमार सुरू झाला, पायदळाने तुर्की फळी फोडली आणि त्या खिंडारातून घोडदळ उत्तरेकडे सुटले. २३ सप्टेंबरला जोधपूर व म्हैसूरच्या भालाईतांनी हैफा घेतले. त्या घोडदळाचे स्मारक असलेल्या दिल्लीच्या तीन मूर्ती चौकामुळे हैफाचे नाव आज सर्वांना ठाऊक आहे. वाट मोकळी करून देणारे पायदळ मात्र विस्मरणात गेले, आणि हे काही न्यायाचे नाही.

लाहोर डिव्हिजनच्या वाट्याला आलेली गावे होती कफर सबा, जलजुलिया आणि कलकिलिया. याफापासून ती वीस-पंचवीस किलोमीटरवर आहेत. आज कफर सबा हे ज्यू शहर आहे, जलजुलिया हे इस्रायलमधले अरब गाव आहे आणि कलकिलिया जॉर्डन नदीच्या पश्चिम किनाऱ्यात (वेस्ट बँक) आहे. एका दिवसाच्या लढाईचे मैदान असे तीन तऱ्हेच्या नशिबांत विभागले गेले. शेजारून जाणाऱ्या सहा क्रमांकाच्या महामार्गावरून कलकिलियाभोवतीची काँक्रीटची भिंत दिसते.

युद्धानंतरच्या ब्रिटिश अंमलात ज्यूंचे स्थलांतर वाढत गेले. १९२२ च्या खानेसुमारीत ज्यू सुमारे ११ टक्के होते. १९४७ पर्यंत ते लोकसंख्येच्या जवळपास एक तृतीयांश झाले, कारण मधल्या काळात जर्मनीत हिटलर आला होता आणि इतर देशांनी दारे लावून घेतली होती. जमिनीचा प्रश्न त्याहून बोचरा होता. उत्तरेतल्या यिझ्रेल खोऱ्याची मोठी मालकी बैरूतच्या सुरसोक घराण्याकडे होती. त्यांनी ती झायोनवादी संस्थांना विकली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळे उठली. व्यवहार कायदेशीर होता. इनामदारी पाहिलेल्या मुलखातल्या वाचकाला त्यातला अन्याय समजावून सांगावा लागत नाही.

१९२० मध्ये जेरुसलेमला, १९२१ मध्ये याफाला दंगली झाल्या. ऑगस्ट १९२९ मध्ये हेब्रॉनला ६७ ज्यूंची कत्तल झाली. त्यांतले काही तेथल्या जुन्या ज्यू वस्तीतले होते. १९३६ मध्ये अरबांनी संप आणि मग उठाव केला आणि ब्रिटिशांनी तो १९३९ पर्यंत कठोरपणे मोडून काढला. मधेच १९३७ मध्ये ब्रिटिशांच्या पील आयोगाने फाळणी सुचवली. झायोनवाद्यांनी ती वाटाघाटीपुरती धरली, अरब नेतृत्वाने झिडकारली. आयोगाने रेघ ओढावी आणि ती मान्य होऊ नये, हा अनुभव निपाणीलाही आहे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवावे असे सुचवले, महाराष्ट्राने अहवाल नाकारला, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. पण साम्य तेवढेच. दूधगंगेच्या पुलावरून कागल-निपाणी ये-जा रोज चालते. या रेघेपायी कोणाचे गाव उठले नाही.

तिकडे गावे उठली. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रांनी ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी मंजूर केली. भारताने विरोधात मत दिले होते आणि संघराज्याचा पर्याय मांडला होता. १४ मे १९४८ ला इस्रायलची घोषणा झाली, शेजारी अरब देशांची सैन्ये चालून आली, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले होते. आजचा प्रवासी बेन गुरियन विमानतळावर उतरतो तो लोद गावाला लागून आहे. जुलै १९४८ मध्ये लोद आणि रामला येथून पन्नास हजारांहून जास्त अरबांना हाकलण्यात आले.

याच लोद-रामल्यात पुढे मराठी घरे आली. अलिबागजवळच्या नवगावी आपले पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले, असे मानणारे बेने इस्रायली ज्यू कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी त्यांची आडनावे. भारतात त्यांचा छळ कधी झाला नाही, तरी १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले आणि लोद, बीरशेबा, दिमोना, अश्दोद येथे स्थिरावले. तेथे त्यांच्या ज्यूपणाबद्दलच धर्मपीठाने शंका काढली. लग्नांवरचे निर्बंध हटवण्यासाठी त्यांना आंदोलन करावे लागले, आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेने ते इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचे जाहीर केले.

जलजुलियाजवळच्या कफर कासिममध्ये २९ ऑक्टोबर १९५६ च्या संध्याकाळी, संचारबंदी लागल्याचे ठाऊक नसलेले आणि कामावरून परतणारे ४८ अरब इस्रायली सीमा पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. इजिप्तविरुद्धचे सुएझचे युद्ध त्याच दिवशी सुरू झाले. त्यानंतर गाझात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली आणि १९६७ पर्यंत तिच्यात भारतीय तुकड्या होत्या. जून १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात त्यांतले काही जवान मारले गेले. त्याच युद्धात इस्रायलने पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गाझा घेतले. कलकिलियातली बरीच घरे तेव्हा पाडली गेली. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या १९९३ च्या ओस्लो करारानंतर ते शहर पॅलेस्टिनी प्रशासनाकडे आले, दुसऱ्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनी उठावात, भिंत उभी राहिली. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली गेली आणि त्यानंतरच्या युद्धात गाझातील मृतांचा आकडा दहा हजारांच्या कित्येक पटींवर गेला.

या संघर्षातून जुन्या सैनिकांचे स्मारकही सुटले नाही. पहिल्या महायुद्धात इजिप्त व पॅलेस्टाइनमध्ये पडलेल्या सुमारे चार हजार भारतीय सैनिकांचे स्मारक १९२६ मध्ये सुएझ कालव्याच्या दक्षिण तोंडाशी, पोर्ट तौफिक येथे उभारले गेले. १९६७ ते १९७३ च्या इस्रायल-इजिप्त लढायांत ते उद्ध्वस्त झाले. त्याच्या जागी १९८० मध्ये कैरोच्या हेलिओपोलिस युद्ध दफनभूमीत नवे स्मारक झाले.