काय म्हणालास?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमधून मी नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतले. किंमत चोवीस हजार. घरी सांगितली नऊ हजार. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात एका हॉलमध्ये साठ-सत्तर जण बसतात आणि माझ्या मागेच दिवसभर कॉलवर असणारी टीम आहे. हेडफोन चढवले, बटण दाबलं आणि एसीची घरघर एकदम गायब झाली. ती घरघर एवढी मोठी होती हे मला ती गेल्यावर कळलं. पुढचे सहा महिने भेटेल त्याला मी सांगत सुटलो होतो, ‘बाकी काही घेऊ नकोस, हे घे.’

तुम्हीही घ्यायच्या विचारात असाल, तर ते करतात काय एवढं आधी समजून घ्या. बाहेरच्या बाजूला छोटे माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप त्याच्या बरोब्बर उलटी लाट तयार करते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. अमर बोस यांना ही कल्पना सुचली 1978मध्ये, झुरिकहून बोस्टनला परतताना. इंजिनाच्या घरघरीत विमानातल्या हेडफोनवरचं संगीत नीट ऐकू येईना, म्हणून त्यांनी तिथेच बसून गणित मांडायला घेतलं. वैमानिकांसाठीचे हेडसेट 1989मध्ये बाजारात आले, तुमच्या-माझ्यासारख्यांसाठीचे 2000मध्ये. गोष्ट विमानात सुरू झाली आणि आजही हे हेडफोन विमान, एसी, पंखा, बसचं इंजिन अशा सलग, खर्जातल्या आवाजावर सगळ्यात चांगले चालतात. अचानक येणारा, टोकदार आवाज मात्र त्यांच्या हातून निसटतो.

हे वाक्य मी शंभर रिव्ह्यूंमध्ये वाचलं होतं. त्याचा अर्थ मात्र इचलकरंजीत कळला.

आमचं घर तिथलं. गावात पहिला यंत्रमाग 1904 साली विठ्ठलराव दातारांनी आणला. आज गल्लीबोळातून मागांचा खडखडाट ऐकू येतो. आण्णा एकतीस वर्षं माग चालवतायत. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. माझी इंजिनिअरिंगची फी त्या मागांवरच निघाली.

त्या दिवाळीत मी डबा द्यायला कारखान्यात गेलो आणि मोठ्या हौसेने हेडफोन आण्णांच्या कानावर चढवले. बटण दाबलं. आता ते चकित होणार म्हणून त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी दोन मिनिटं घातले आणि काढून माझ्या हातात दिले. मी स्वतः घालून बघितले. मोटारींची घुमघुम कमी झाली होती, पण धोटा या टोकाकडून त्या टोकाला आपटतो तो फटका, एका मागाचा नाही, चोवीस मागांचा, तसाच कानात घुसत होता. चोवीस हजारांचं यंत्र धोट्यापुढे हरलं.

बाहेर आल्यावर आण्णा म्हणाले, “चांगलं हाय. पण आवाज गेला तर माग बिघडलेला कळायचा कसा? आधी आवाजच बदलतो की.”

मी म्हणालो, “पण आण्णा, कानाला त्रास होत असेल ना तुम्हाला?”

“काय म्हणालास?”

हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या घरात टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो. आई आण्णांशी ओरडूनच बोलते आणि आम्हाला ते भांडण वाटत नाही. फोन केला की आण्णा ‘बरं हाय ना? जेवलास? आईला देतो’ एवढंच बोलतात. आण्णांना माझ्याशी बोलण्यात रस नाही असं मी कॉलेजपासून धरून चाललो होतो. हॉस्टेलवर त्यावरून एकदा रडलोही होतो.

दिवाळीनंतर त्यांना कोल्हापूरला कान तपासायला नेलं. त्यासाठी आईला तीन दिवस भांडावं लागलं. रिपोर्टवर एक आलेख होता. असे आलेख मी इक्वलायझरच्या अ‍ॅपमध्ये रोज बघतो. खर्जात रेघ बऱ्यापैकी, आणि 4000 हर्ट्झच्या आसपास ती खोल खड्ड्यात गेलेली. सततच्या मोठ्या आवाजाने कान जातो तो आधी इथेच जातो, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. ‘स’, ‘श’, ‘फ’ अशा अक्षरांचा आवाज वरच्या पट्टीत असतो. त्यामुळे माणसाला कुणीतरी बोलतंय हे ऐकू येतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. मग तो दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते आणि ‘बरं बरं’ म्हणतो.

साधा फोन कॉल 3400 हर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचवतच नाही, हे मी कॉलेजात परीक्षेसाठी पाठ केलं होतं. त्यात समोर ओठ दिसत नाहीत. म्हणजे आण्णा इतकी वर्षं माझा फोन आईला देत होते, कारण मी काय म्हणतोय ते त्यांना कळत नव्हतं.

गेलेलं परत येत नाही. उरलेलं सांभाळता येतं. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. मी फोनवरच्या अ‍ॅपने कारखान्यात मोजलं, तर आकडा शंभराच्या आसपास नाचत होता. अ‍ॅप अचूक नसतं हे खरं, पण तिथे शेजारच्याशी बोलायला कानात ओरडावं लागतं, तेवढा पुरावा पुरे.

म्हणून मला सापडलेली खरी कामाची वस्तू चोवीस हजारांची नाही. फोमचे इअरप्लग, जोडी वीस रुपयांना. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी ठेवला तर उपयोग नाही. टोकदार आवाजही तो अडवतो, चार्जिंग लागत नाही. आण्णांनी आठवडाभर कुरकुर केली. मग म्हणाले, “धोटा कळतोय. नुसता लांबनं आल्यागत वाटतोय.” आता ते घालतात, रोज नाही, आठवड्यातून चारेक दिवस. शेजारच्या मागावरच्या दोघांनी मागून घेतले, बाकीचे हसतात.

कानामागचं मशीनही घेतलं. ते कारखान्यात घालायचं नसतं, घरी घालायचं. पहिल्या दिवशी त्यांनी आईला विचारलं, “भांडी एवढी का आपटतीस?”

माझ्या फोनमध्ये ऐकण्याची मर्यादा आहे: 80 डेसिबल, आठवड्याला चाळीस तास. ती सूचना मी दोन वर्षं बोटाने बाजूला सारत होतो. आता सारत नाही.

आता मी रविवारी व्हिडिओ कॉल करतो. हेडफोन काढून ठेवतो, तोंड उजेडाकडे करतो आणि हळू बोलतो. गेल्या रविवारी आण्णांनी विचारलं, “तुझ्या कंपनीत नक्की करतोस काय रं तू?” नोकरीला पाच वर्षं झाली. त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं. सांगायला वीस मिनिटं लागली. मधे चारदा “काय म्हणालास?” आलं. चारही वेळा मी पुन्हा सांगितलं.