गोराईची बोट

आज सुरत स्टेशनवर फ्लाइंग राणी गाडी समोरून निघाली आणि गोराईचं एस्सेलवर्ल्ड पार्क आठवलं. आमच्यासाठी ती दोन्ही एकच गोष्ट होती.

अप्पा जळगावकडून येऊन लिंबायतला लूमवर लागले. वर्षातून एकदा सुट्टी घेऊन ते आम्हाला गोराईला न्यायचे. आई रात्रीच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून ठेवायची. पहाटे राणीच्या डबलडेकर डब्यात वरच्या मजल्यावर जागा मिळाली की मी नि ताई खिडकीला नाक लावून बसायचो. बोरिवलीला उतरायचं, मग खाडीतली बोट. इंजिनाची धडधड तळव्यांतून पोटात यायची. खारफुटीच्या वर झुल्यांचे रंग दिसले की ताई माझा हात घट्ट धरायची.

हूला लूप नावाच्या झुल्यात मी उलटा झालो, तेव्हा डोळे मिटले होते. उतरल्यावर तळहातांना लोखंडाचा वास येत होता. तो मी परतीच्या गाडीत पुन्हा पुन्हा हुंगला. अप्पा कधीच झुल्यात बसले नाहीत. खाली चपला आणि पिशवी सांभाळत, मान वर करून आम्हाला शोधत उभे राहायचे.

१९८९ ला सुरू झालेलं ते पार्क २०२२ मध्ये बंद झालं. शेजारचं वॉटर किंगडम राहिलं. जुलै २०२३ मध्ये राणीचे दुमजली डबेही गेले. आता सुरतेतच वॉटरपार्क आहे. माझी मुलं तिथे खूश असतात, आणि मलाही त्यांचं ओरडणं आवडतं. पण तिथे गाडीतून उतरलं की दारच लागतं. वाटेत खाडी नाही.

ताईला आत्ताच फोन केला. बराच वेळ आम्ही त्या बोटीबद्दलच बोललो.