शिक्का बघितला, मजकूर नाही

पैशाच्या बाबतीत माझ्या हातून ज्या मोठ्या चुका झाल्या, त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती. कागदावर कुठं ना कुठं सरकारी शिक्का होता. तो बघून मी निर्धास्त झालो. शिक्का कशाचा आहे, हे वाचायच्या भानगडीत पडलो नाही.

याला माझी चोवीस वर्षांची फौज कारणीभूत आहे, असं मी पुष्कळ दिवस सांगत फिरलो. पलटणीत शिक्क्याचा कागद आला की त्याची अंमलबजावणी होते. रेशन निघतं, गाडी लागते, रजा मंजूर होते. काही चुकलं तर जाब देणारा माणूस असतो. बाहेरच्या जगात शिक्क्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो, की अशा नावाची एक संस्था आमच्या दप्तरी नोंदलेली आहे. नोंदणी वेगळी आणि हमी वेगळी. हा फरक समजायला मला पंधरा वर्षं आणि बरेच पैसे लागले.

मी कागल तालुक्यातला. १९८४ साली बेळगावच्या मराठा सेंटरला भरती झालो आणि २००८ मध्ये हवालदार म्हणून घरी आलो, तेव्हा वय बेचाळीस. आमच्या जिल्ह्यात ही गोष्ट नवी नाही. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं नावच सैनिक टाकळी आहे. घरी येणाऱ्या जवानाच्या हातात एकदम मोठी रक्कम पडते, हेही नवं नाही. ती कुठं ठेवायची हे मात्र त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

मी पेन्शन विकली. कागदोपत्री त्याला अंशराशीकरण म्हणतात, पण फौजी माणूस ‘पेन्शन विकली’ असंच म्हणतो. सैन्यात निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते. तिची एकरकमी किंमत हातात मिळते आणि पुढची पंधरा वर्षं तेवढी रक्कम दरमहा कापली जाते. महागाई भत्ता मूळ पूर्ण पेन्शनवर मिळत राहतो, एवढाच दिलासा. विकण्यात वाईट काही नाही. पण विकून आलेला पैसा म्हणजे माझ्याच पंधरा वर्षांच्या पेन्शनीची उचल होती, हे मी ध्यानात घेतलं नाही. मला तो बक्षिसासारखा वाटला.

गावातल्या पतसंस्थेचा पिग्मी एजंट आठवड्याच्या आत घरी आला. “हवालदारसाहेब, बँकेत ठेवून काय व्याज मिळणार? आपल्याकडं साडेसहा वर्षांत दामदुप्पट. आन् शासनमान्य संस्था हाय आपली.” मी ऑफिसात जाऊन बघितलं. चेअरमनच्या डोक्यावर फ्रेममध्ये सहायक निबंधकांच्या सही-शिक्क्याचं नोंदणी प्रमाणपत्र होतं, शेजारी ‘ऑडिट वर्ग अ’ची पाटी. बायको म्हणाली, “अहो, थोडे पोस्टात ठेवूया की.” मी म्हणालो, “पोस्टही सरकारी आणि ही संस्थाही सरकारमान्य. मग व्याज कमी का घ्यायचं?” या वाक्याची मला आजही लाज वाटते.

पतसंस्था ही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते. ती बँक नव्हे. रिझर्व्ह बँकेचा परवाना तिच्याकडं नसतो आणि बँकेतल्या ठेवींना जो विमा असतो तो तिच्या ठेवींना नसतो. बँकेतल्या ठेवीचा विमा १९९३ पासून एक लाखाचा होता, ४ फेब्रुवारी २०२० पासून तो पाच लाखांचा झाला. पीएमसी बँकेत अडकलेल्या ठेवीदारांची आंदोलनं सगळ्या देशानं टीव्हीवर बघितली, त्यानंतरची ही गोष्ट. पुढं २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन, बँकेवर निर्बंध आले तर विम्याचे पैसे नव्वद दिवसांत देण्याची तरतूद आली. यातलं काहीही पतसंस्थेतल्या माझ्या पावतीला लागू नव्हतं. पोस्टाच्या ठेवीमागं केंद्र सरकार उभं असतं. माझ्या ठेवीमागं उभे होते चेअरमन आणि त्यांच्या पाहुण्यांना दिलेली कर्जं.

२०१२ मध्ये संस्थेचं शटर खाली आलं. अवसायक नेमला गेला. सुनावण्या झाल्या, वसुलीचे दाखले निघाले, आणि माझ्या हातात मुद्दलाचा लहानसा तुकडा तेवढा पडला. पेन्शनीतली कपात मात्र दरमहा चुकता होत राहिली. ती पंधरा वर्षांची होती. तिला पतसंस्था बुडाली काय आणि तरली काय.

एका चुकीनं दुसरी ओढून आणली. फौजेतून आल्यावर मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या गेटवर सिक्युरिटीत लागलो होतो. पगार ठेकेदाराचा. पगारातून फंड कापला जायचा आणि स्लिपवर ‘पीएफ’ लिहिलेलं असायचं, म्हणून मी खूष होतो. २०१४ मध्ये ठेका बदलला. गेट तेच, खुर्ची तीच, रजिस्टर तेच. टोपीवरचा बिल्ला तेवढा बदलला. त्याच वर्षी मुलीचं लग्न ठरलं. पतसंस्थेतला पैसा गेलेला. जुन्या ठेकेदाराचा माणूस दोन फॉर्म घेऊन आला. “दोन्हीवर सही करा, सगळं एकदम मिळंल.” मी सही केली.

पहिला फॉर्म फंडाचा होता. दुसरा ‘दहा-सी’. त्यानं मी कर्मचारी पेन्शन योजनेतली माझी सहा वर्षांची सेवा काढून घेतली. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून आहे. मालकाच्या हिश्श्यातून पगाराच्या ८.३३ टक्के रक्कम तिच्यात जाते. दहा वर्षं सेवा भरली की अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू होते. दहा भरली नसतील तर दोन वाटा असतात. पैसे काढून घ्या, नाहीतर योजना प्रमाणपत्र घेऊन ती वर्षं जिवंत ठेवा आणि पुढच्या नोकरीत जोडा. दुसरी वाट त्याच दहा-सी फॉर्मवर असते. मी फॉर्म वाचला असता तर दिसली असती.

नव्या ठेकेदाराकडं मी २०१५ पासून २०२३ पर्यंत आठ वर्षं काढली, गुडघ्यांनी नकार देईपर्यंत. २०२४ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली तेव्हा चौकशीला गेलो. खिडकीतल्या मुलीनं स्क्रीन बघून विचारलं, “काका, आधीची सर्व्हिस?” मी म्हणालो, “काढली.” ती काही बोलली नाही. सहा आणि आठ मिळून चौदा झाली असती. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०, असं ते गणित आहे. सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना ६,५०० रुपयांची जुनी पगारमर्यादा धरूनही मला महिन्याला दोन हजारांच्या आसपास मिळाले असते, आणि माझ्या मागं बायकोला त्यातले निम्मे. आता मिळाला एक चेक. २०१४ मध्ये काढलेले पैसे मांडववाल्याला कमी पडले होते, इतके ते थोडे होते.

सरकारलाही इथं मोकळं सोडता येत नाही. या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये हजार रुपये झाली, आणि म्हाताऱ्या कामगारांनी त्यानंतर कितीही मोर्चे काढले तरी ती वर्षानुवर्षं हजारावरच राहिली. कोल्हापूरची शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली, तिथल्या कामगारांच्या घरात या हजाराचा विषय निघाला की माणसं हसतात. शिवाय ठेका बदलला की कामगाराची वर्षं तुटतात, हे ठेकेदारीच्या धोरणातच आहे. माणूस एकाच गेटवर उभा असतो, पण कागदावर त्याची नोकरी गेलेली असते. हे सगळं खरं. तरी फॉर्मवरची सही माझी होती.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली होती. ५ सप्टेंबर २०१५ ला ‘वन रँक वन पेन्शन’ जाहीर झालं आणि १ जुलै २०१४ पासून लागू झालं. २०१३ मध्ये त्याच हुद्द्यावर, तेवढ्याच सेवेनंतर निवृत्त झालेल्यांच्या पेन्शनची सरासरी आम्हा जुन्यांना मिळाली. थकबाकी सहामाही हप्त्यांनी आली. मी शहाणा झालो होतो, ती बँकेत ठेवली. शहाणपण टिकलं २०२१ पर्यंत.

कोरोनात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर चार टक्क्यांवर आणला. कर्जदार आणि कारखाने तगावेत म्हणून ते केलं, हे मला मान्य आहे. पण माझी मुदतठेव नूतनीकरणाला आली तेव्हा क्लार्कनं साडेपाचच्या आत-बाहेरचा दर सांगितला आणि मी पासबुक तसंच परत घेतलं. त्या दिवसांत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ७.४ टक्के होता, आणि सैन्यातून निवृत्त झालेल्याला इतर अटी पाळून पन्नाशीनंतर त्या योजनेत पैसे ठेवता येतात. मी पंचावन्नचा होतो. पोस्टात जाऊन विचारायचं सोडून मी गेलो हॉटेलातल्या सेमिनारला.

शेअर बाजारात ट्रेडिंग करून महिन्याला ठरावीक टक्के देणारी कंपनी होती. प्रोजेक्टरवर कंपनीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवलं. तिरंगा आणि सिंहमुद्रा असलेला कागद. पुढच्या रांगेत निवृत्त सुभेदार, मास्तर, पोलीस. कंपनी नोंदवणं वेगळं, लोकांकडून ठेवी घ्यायची परवानगी वेगळी, आणि लोकांचा पैसा बाजारात गुंतवायला सेबीची नोंदणी लागते ती आणखी वेगळी. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा २०१९ मध्येच आला होता. कोण ठेवी घेऊ शकतो हे बघायला आणि तक्रार करायला रिझर्व्ह बँकेचं ‘सचेत’ नावाचं पोर्टल २०१६ पासून आहे. माझ्या मुलीनं ते मला फोनवर दाखवलं, पण तेव्हा कंपनीच्या दाराला कुलूप लागलेलं होतं.

माझे पैसे गेले, त्याचं मला एवढं वाटत नाही. दुसरी गोष्ट सांगायला अवघड आहे. माझ्याच पलटणीतला एक नायक, जम्मूला आम्ही एका बंकरमध्ये राहिलेलो. पहिले काही महिने परतावा वेळेवर आला, तेव्हा मी त्याला फोन केला. “ये मर्दा, बँकेत काय ठेवलंयस?” तो माझ्या शब्दावर आला. ओळख आणल्याबद्दल कंपनीनं मला कमिशन दिलं आणि मी ते घेतलं. कंपनी बुडाल्यावर कमिशनची रक्कम मी त्याच्या घरी नेऊन दिली. त्यानं ती घेतली, चहा पाजला, आणि म्हणाला, “तुझं बी गेलंच की.” त्याचं मुद्दल त्या रकमेच्या कितीतरी पट होतं. पोलिसांत दिलेल्या जबाबात माझ्यामुळं आलो असं त्यानं लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

२०२३ मध्ये माझी विकलेली पेन्शन पंधरा वर्षं भरून पुन्हा पूर्ण सुरू झाली. आज आमचं घर तिच्यावर चालतं. सगळ्या चुका करूनही मी ताठ बसलोय, त्याला कारण माझी हुशारी नाही. जो एक सरकारी शब्द मी विकायला काढला होता, त्याचा निम्मा भाग सरकारनं माझ्या हाताला लागू दिला नाही, म्हणून तो उरला.

म्हणूनच मला आता गावातल्या पोरांची काळजी वाटते. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी, शंभरातल्या पंचवीस जणांना पुढं कायम होण्याची संधी, बाकीचे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी घेऊन घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. योजना बरी की वाईट यावर आमच्या पारावर रोज भांडणं होतात. मला एवढंच दिसतं, की मी बेचाळीसाव्या वर्षी, पेन्शन असताना, जे उद्योग केले, ते बाविशी-तेविशीतला पोरगा पेन्शन नसताना करील. पहिली तुकडी सुटून आली की पिग्मी एजंट आणि सेमिनारवाले पत्ता विचारत येणार, यात मला शंका नाही.

सरकारला करता येण्यासारखं पुष्कळ आहे. पतसंस्थेच्या ठेवपावतीवर ‘या ठेवीस विमा नाही’ असं ठळक अक्षरात छापायला लावावं. दहा-सी भरणाऱ्याला त्याची किती वर्षं पुसली जाणार, हा आकडा सही करायच्या आधी दाखवावा. डिस्चार्ज बुकाबरोबर पोस्टाच्या योजनांचं एक पान मराठीत द्यावं. यातलं काहीही खर्चाचं नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर कुणी पोरगा कागद घेऊन आला, तर मी त्याला शिक्क्यावर बोट ठेवायला सांगतो आणि विचारतो, हे बुडालं तर तुला पैसे कोण देणार, त्याचं नाव या कागदावर दाखव. बहुतेकांना ते सापडत नाही. गेल्या दिवाळीत एक जण चिडून म्हणाला, “काका, तुमचे बुडाले म्हणून सगळ्यांचेच बुडतील व्हय?” मी म्हणालो, “बुडतील असं नाही. पण माझ्याकडं पेन्शन होती. तुझ्याकडं काय आहे?”